चांदी, सिमेंट की लाईटवालं?

किडलेली दाढ भरून घ्यायला आलेले पेशंट माझ्या खुर्चीवर टेकल्या टेकल्या जे वाक्य हमखास म्हणतात ते म्हणजे, "मॅडम, पैशाचं बघू नका, चांगल्यातलं जे असंल ते भरा." आणि मग लगेच पुढचा प्रश्न, चांदी चांगली की सिमेंट चांगलं की ते लाईटवालं? आमच्या सांगलीकडं ही तीन नावं पक्की बसलेली आहेत, अमाल्गम, ग्लास आयोनोमर, कॉम्पोझिट वगैरे म्हणत बसले तर समोरचा नुसता माझ्याकडं बघत राहतो. आता या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही हो. एकाच बाईची एकच दाढ, ती वरून किडली असेल तर मी एक भरेन, हिरडीला लागून किडली असेल तर दुसरंच भरेन, आणि सोबत आलेल्या तिच्या सात वर्षांच्या नातवाला तिसरंच काहीतरी. महाग ते चांगलं हा हिशोब दातात चालत नाही. रोज हेच तुकड्यातुकड्यात सांगते, पेशंटचं तोंड उघडं असतं त्यामुळं त्याला उलट काही विचारताही येत नाही, म्हटलं एकदा निवांत बसून लिहून टाकू.

आधी कीड कशी लागते ते थोडक्यात. आमच्या भागात अजूनही काही जुन्या बायका दाढ ठणकायला लागली की भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतात, त्यानं किडा पडतो म्हणतात. दाढेत वळवळणारा किडा बिडा काही नसतो. दातावर जो बुळबुळीत पिवळट थर बसतो त्यात बॅक्टेरिया असतात, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा त्यातला नामचीन गडी, आपण साखर खाल्ली की ते पण खातात आणि तिचं ॲसिड करतात. दातावरचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट, साधारण साडेपाचच्या खाली गेला की वरच्या कवचातलं, म्हणजे इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. मग लाळ हळूहळू ते ॲसिड मारते, पीएच वर येतो आणि गेलेल्यातलं थोडं परत दातात बसतं, याला अर्धा ते एक तास जातो. म्हणजे ज्याला दुकानात बसून दर तासाला कटिंग लागतो त्याच्या दाताला भरून यायला सवडच मिळत नाही, आणि जेवणावर दोन लाडू हाणणारा माणूस त्या मानानं सुटतो. फ्लोराइड असेल तर परत बसणारं खनिज जास्त चिवट होतं, ते साडेचारपर्यंत दम धरतं, पेस्टमध्ये फ्लोराइड घालतात ते यासाठी.

नुसता पांढरट डाग पडलाय, वरचा पापुद्रा अजून शाबूत आहे, तोपर्यंत भरायचं कामच नसतं. फ्लोराइड लावून, खाणं सुधारून तो डाग जागच्या जागी थांबवता येतो. पण एकदा का खड्डा पडला की गणित बदलतं, कारण त्या खड्ड्यात ब्रश जात नाही, लाळ नीट पोचत नाही, आणि पोळीचा लगदा मात्र बरोब्बर जाऊन बसतो. मग लोक काडेपेटीची काडी, टाचणी, सेफ्टी पिन जे हाताला लागेल त्यानं कोरत बसतात. फिलिंगचं पहिलं काम म्हणजे हा आसरा बंद करणं. ते औषध नाही, कीड बरी करत नाही, पण बॅक्टेरियाचं खाणंपिणं तोडतं. इतकं तोडतं की हल्ली खोल किडीत, नसेच्या अगदी जवळ, आम्ही थोडा मऊ झालेला भाग मुद्दाम ठेवतो. कडेची सगळी कीड साफ करायची, नसेवरची थोडी राहू द्यायची, आणि वरून घट्ट बंद करायचं. सगळं खरवडायच्या नादात नस उघडी पडली तर मग रूट कॅनल आलंच, त्यापेक्षा आत कोंडलेले बॅक्टेरिया उपाशी राहून गप पडतात ते बरं. हे पेशंटला सांगितलं तर तो हादरतो, "म्हणजे कीड आतच ठेवून भरलं व्हय?" त्यामुळं हे कसं सांगायचं हा पण एक वेगळाच ताप आहे.

तर सगळा खेळ त्या घट्ट बंद होण्याचा. फिलिंग आणि दात जिथं भेटतात ती कड. भरलेली दाढ परत किडते ती जवळजवळ नेहमी त्या कडेनं किडते, आणि त्यातही दोन दाढांच्या मध्ये, खाली हिरडीजवळ जी कड असते तिथं सगळ्यात जास्त. तिथं डोळ्याला दिसत नाही, ब्रश जात नाही, आणि भरताना लाळ आणि रक्त नेमकं तिथंच येतं. चांदी, सिमेंट, लाईटवालं, तिघं या कडेला वेगवेगळ्या तऱ्हेनं सांभाळतात, आणि मला विचाराल तर निवड त्यावरून करायची, रंगावरून नाही.

चांदीपासून सुरू करते कारण माझा तिच्यावर अजून जीव आहे. चांदी म्हणतात पण त्यात वजनानं निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. कॉलेजात आम्ही काचेच्या खलात पावडर आणि पारा घोटायचो, मग तो गोळा फडक्यात पिळून जादा पारा काढायचा, आणि उरलेला मऊ गोळा कॅरिअरमध्ये भरून थोडा थोडा खड्ड्यात दाबायचा. दाबताना बारीक करकर आवाज यायचा, तो आवाज आला की मागं उभे असलेले सर मान डोलवायचे. आता आठवलं की अंगावर काटा येतो, उघड्या हातांनी पारा पिळत होतो आम्ही. नंतर कॅप्सूल आल्या, मशीनमध्ये हलवायच्या, पाऱ्याला हात लावायचं काम नाही.

चांदी दाताला चिकटत नाही. अजिबात नाही. ती नुसती अडकून बसते, त्यासाठी खड्डा आतून रुंद आणि तोंडाला अरुंद करावा लागतो, म्हणजे चांगला दातही थोडा कापावा लागतो. न चिकटणारी वस्तू, म्हणजे कडेला फट आलीच. गंमत अशी की या फटीत हळूहळू गंज साठतो, अमाल्गम झिजून त्यातून जे निघतं ते जाऊन त्या बारीक फटीत बसतं आणि कड आपोआप बुजत जाते. जसजसं जुनं तसतसं घट्ट. शिवाय भरताना थोडी लाळ लागली तरी ते लगेच रुसत नाही. त्यामुळं पंचवीस-तीस वर्षांपूर्वी भरलेल्या, काळ्या पडलेल्या, दिसायला अगदी भिकार चांदीच्या दाढा मी बघते, एक्सरे काढते आणि खाली कीड नसते. जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेची २०१४ ची एक समीक्षा आहे, मागच्या दाढांत चांदी आणि कॉम्पोझिट यांची तुलना केलेली, त्यात कॉम्पोझिटखाली परत कीड लागायचं प्रमाण चांदीच्या जवळपास दुप्पट निघालं होतं. त्यातल्या ट्रायल जुन्या होत्या, आताचे बाँडिंग, म्हणजे चिकटवायचे गोंद, सुधारलेत, हे सगळं मान्य, तरी आकडा विसरता येत नाही.

भांडणं मात्र चांदीवरून पहिल्यापासून आहेत. १८३३ मध्ये क्रॉकूर नावाचे लोक न्यूयॉर्कला हे घेऊन आले, भारदस्त शाही नाव देऊन विकायचे, कीड न काढताच वरून थापायचे म्हणे, त्यामुळं तिथले शिकलेले डेंटिस्ट भडकले. १८४५ मध्ये त्यांच्या संघटनेनं सभासदांकडून अमाल्गम वापरणार नाही अशी लेखी शपथच मागितली, आणि त्या वादात १८५६ पर्यंत ती संघटनाच बसली. पुढं १८९० च्या दशकात जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन डेंटिस्टनी धातूंचं प्रमाण बसवून दिलं तेव्हा कुठं चांदी भरवशाची झाली. याच ब्लॅकनी आणखी एक गोष्ट शिकवली होती, की किडलेल्या भागाच्या शेजारच्या चांगल्या खाचा पण कापून फिलिंगमध्ये घ्या म्हणजे पुढं तिथं कीड लागणार नाही. शंभर वर्षं जगभर डेंटिस्ट असे चांगले दात कापत बसले. तेव्हाच्या हिशोबानं त्यांचं बरोबरच होतं, फ्लोराइडची पेस्ट नव्हती, चिकटणारं काही नव्हतं.

आता चांदी चाललीय, पण ती कीड रोखत नाही म्हणून नव्हे, पाऱ्यामुळं. पाऱ्याच्या विषबाधेनं हादरलेल्या जपानच्या मिनामाता गावाचं नाव घेऊन २०१३ मध्ये पाऱ्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. युरोपियन युनियननं १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळपास बंदच केलं, आणि आता कराराच्या देशांनी २०३४ पर्यंत जगभर थांबवायचं ठरवलंय. मुद्दा मुख्यतः गटारातून, स्मशानातून, कारखान्यातून पर्यावरणात जाणाऱ्या पाऱ्याचा. गरोदर बायका, लहान पोरं, किडनीचा आजार असलेले यांना नवीन चांदी टाळावी असं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२० मध्ये सांगितलं, आणि त्याच वेळी हेही सांगितलं की तोंडात नीट बसलेली चांदी उगाच काढू नका. व्हॉट्सॲपवर मात्र पहिलाच भाग फिरतो. महिन्या-दोन महिन्याला कुणीतरी येतंच, सगळी चांदी काढा आणि पांढरं भरा म्हणून. अहो, काढताना ड्रिलनं तापून जितकी वाफ निघते तितकी ती नुसती बसून राहिली असती तर निघाली नसती. कड शाबूत आहे, खाली कीड नाही, तर राहू दे की तिला.

लाईटवालं, म्हणजे कॉम्पोझिट. याचं सगळं वैभव चिकटण्यात आहे. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांना सुचलं की धातूला रंग धरावा म्हणून कारखान्यात आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, तर दाताला लावून बघू. ॲसिडनं इनॅमलवर सूक्ष्म खळगे पडतात, त्यात पातळ रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव, शिरतं आणि घट्ट होऊन धरून ठेवतं. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन आणलं, त्यात काचेची बारीक पूड घालून आजचं कॉम्पोझिट तयार झालं. चिकटतं म्हटल्यावर खड्डा मुद्दाम मोठा करायची गरज संपली, कीड काढायची आणि जेवढी जागा झाली तेवढीच भरायची. मला वाटतं कॉम्पोझिटचा दातावरचा सगळ्यात मोठा उपकार हाच, पांढरा रंग नंतर. जितका दात शिल्लक तितकं पुढच्या वेळी हातात काहीतरी उरतं.

पण हे बेणं नाजूक आहे. एक तर निळ्या लाईटनं ते घट्ट होताना आकसतं, दोन-तीन टक्के, आणि आकसताना कडेपासून ओढ घेतं. म्हणून एकदम भरून चालत नाही, दोन-दोन मिलिमीटरचे थर लावायचे, प्रत्येकावर लाईट मारायचा. पेशंटला वाटतं मॅडम उगाच वेळ काढतायत. दुसरं म्हणजे ओल. ॲसिड लावून धुऊन वाळवल्यावर इनॅमल धुरकट पांढरं दिसतं, ते दिसलं की जागा तयार, आणि त्याच क्षणी पेशंटनं जीभ फिरवली की गेलं सगळं, परत पहिल्यापासून. यासाठी रबर डॅम असतो, दाताभोवती बसवायचा रबरी पडदा, १८६४ पासून आहे, इतका जुना आणि इतका साधा, तरी लावायचा कंटाळा करणारे भरपूर आहेत. मी तर म्हणेन कॉम्पोझिट कुठल्या कंपनीचं आहे ते विचारू नका, डॅम लावणार का ते विचारा. आणि दाढेच्या मध्ये खाली जिथं इनॅमल संपतं आणि मुळाचा भाग सुरू होतो तिथं ही चिकट एवढी खात्रीची नाही, आत ओलसर डेंटीन, म्हणजे इनॅमलच्या खालचा थर, शेजारी रक्त येणारी हिरडी. तिथं कड उघडली की पेशंटला महिनोन्महिने कळत नाही, फक्त थंड पाण्यानं दात आंबतो म्हणतो, आणि एक्सरेत खाली काळं दिसतं.

दोन दाढांच्या मधलं भरताना पत्र्याची पट्टी आणि लाकडी पाचर घालतो ना आम्ही, ते दुखतं म्हणून लोक तोंड वाकडं करतात, पण ती पाचर नीट बसली नाही तर फिलिंग एक तर हिरडीत बाहेर येतं नाहीतर शेजारच्या दाढेला टेकत नाही. टेकलं नाही की जेवताना शेपूची काडी, मटणाचा धागा, सगळं तिथं जाऊन रुतणार, आणि मग तुमची भरलेली दाढ पण जाणार आणि शेजारची चांगली पण. भरून घरी गेल्यावर तिथं अन्न अडकायला लागलं तर "सवय होईल" म्हणून गप बसू नका, आठवड्यात परत या. हे फुकटात दुरुस्त करून द्यायचं काम आहे.

आता सिमेंट, म्हणजे ग्लास आयोनोमर. पेशंटच्या लेखी हे गरिबाचं, स्वस्तातलं, तात्पुरतं. मला मात्र कीड रोखायच्या बाबतीत तिघांत हेच सगळ्यात हुशार वाटतं. १९६९ च्या सुमारास लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी हे शोधलं. बाटलीत फ्लोराइड असलेल्या काचेची पूड, दुसऱ्या बाटलीत पॉलीॲक्रिलिक ॲसिड. हे दोन्ही मिसळलं की ते दातातल्या कॅल्शियमला केमिकली जाऊन धरतं, वेगळा गोंद लागत नाही, थोडीफार ओल चालते, आणि आकसून कड ओढायचा प्रकार कॉम्पोझिटइतका नाही.

कालवणं मात्र हातावर आहे. कागदाच्या पॅडवर सपाट केलेला एक चमचा पावडर, बाटली अगदी उभी धरून एक थेंब लिक्विड, तिरकी धरली की थेंबाबरोबर हवेचा बुडबुडा येतो आणि प्रमाण फसतं. पावडरीचे दोन वाटे करायचे, पहिला पटकन ओढून घ्यायचा, मग दुसरा, अर्ध्या मिनिटाच्या आत काम संपलं पाहिजे. तयार झालेल्या गोळ्यावर चमक असते. ती चमक आहे तोवरच ते दाताला धरतं. चमक गेली, पृष्ठभाग मंद दिसायला लागला, की ते दाढेत भरायचं नाही, फेकून द्यायचं आणि नवीन कालवायचं. आमच्याकडं नवीन आलेल्या असिस्टंट मुलीला हे पटायला वेळ लागतो, तिला वाटतं एवढं महागाचं मटेरियल मॅडम टाकून देतात. भरून झालं की वरून वार्निश नाहीतर साधी व्हॅसलीन लावायची, कारण सुरुवातीला त्याला पाणी पण लागू द्यायचं नाही आणि सुकूही द्यायचं नाही.

आणि ते फ्लोराइड सोडतं. पहिले एक-दोन दिवस भरपूर, मग हळूहळू थोडं थोडं. साठा संपत आला की पेस्टमधलं फ्लोराइड ते स्वतःत ओढून घेतं आणि परत सोडतं, म्हणजे रोज फ्लोराइडच्या पेस्टनं घासणाऱ्याच्या तोंडात ते जास्त कामाचं. आता इथं थोडं हात राखून बोलते, प्रयोगशाळेत फ्लोराइड सुटताना छान दिसतं म्हणून तोंडात कीड लागणारच नाही असं नाही, माणसांवरच्या अभ्यासांत याचे निकाल एकसारखे नाहीत. पण ज्याच्या तोंडात वर्षाला नवीन दोन-तीन दाढा किडतात अशा माणसाला मी सरळ पांढरं शोभिवंत काही भरत नाही, आधी सगळीकडं सिमेंट, मग तोंड ताब्यात आलं की बाकीचं. कुणीतरी लगेच म्हणतं, फ्लोराइड विष आहे म्हणे. यवतमाळ-चंद्रपूरकडं काही गावांत बोअरच्या पाण्यातच लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड असतं, तिथं पोरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, हे खरं आहे. पण ते वर्षानुवर्षं पोटात गेलेलं फ्लोराइड. फिलिंगमधून निघतं ते त्याच्यापुढं काहीच नाही.

सिमेंटचा दोष म्हणजे ते ठिसूळ आहे, झिजतं. दाढेच्या मोठ्या खड्ड्यात, जिथं भाकरीचा आणि सुपारीचा जोर येतो, तिथं कोपरा तुटतो. म्हणून कधी खाली सिमेंट आणि वर कॉम्पोझिट असं दोन्ही भरतो, खालच्या अवघड कडेला सिमेंट, वर चावायला कॉम्पोझिट. दोघांचं मिश्रण असलेलं लाईटवर घट्ट होणारं सिमेंट पण मिळतं.

सिमेंटचं खरं राज्य कुठं असेल तर मिसरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडात. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बोटानं रोज घासून घासून हिरडी खाली सरकते, दाताच्या मानेला खाच पडते आणि मूळ उघडं पडतं. मुळाला इनॅमलचं कवच नसतं, ते पीएच सहा-साडेसहाच्या आसपासच विरघळायला लागतं, म्हणजे इनॅमल जिथं अजून निवांत असतं तिथं मूळ किडायला लागलेलं असतं. त्यात वय झालेलं, बीपीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलेलं, लाळच कमी. अशा एका आज्जींच्या खालच्या पुढच्या दातांच्या मानेवर ओळीनं कीड होती, हिरडीला हात लावला की रक्त, तिथं लाईटवालं चिकटवायला गेले असते तर महिन्यात सुटलं असतं. सिमेंट भरलं. मिसरी सोडा म्हटलं तर म्हणाल्या, "पोरी, चाळीस वर्सं लावतीया, आता मेल्यावरच सुटंल." मग तिथं फ्लोराइडची पेस्ट आणि सिमेंट यांच्यावरच भिस्त.

याच सिमेंटवर एक मोठी गोष्ट उभी राहिली. १९८० च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकन आणि सोबतच्यांनी अशी पद्धत बसवली की वीज नको, ड्रिल नको, बहुतेक वेळा सुई पण नको, हातातल्या अवजारानं मऊ झालेली कीड खरवडायची आणि सिमेंट भरून बोटानं दाबायचं. बोटाच्या दाबानं शेजारच्या खाचांत पण सिमेंट जाऊन बसतं. एआरटी म्हणतात त्याला. झेडपीच्या शाळेत कॅम्प असला की वर्गातलं बाक हीच खुर्ची, लाईट गेलेली असली तरी काही अडत नाही. ड्रिलचा आवाज नाही म्हटल्यावर पोरं पण रडत नाहीत, उलट रांगेत मागची पोरं पुढं घुसतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत फ्लोराइड टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड यांच्याबरोबर हे सिमेंट पण घातलं. कॉम्पोझिट तेव्हा त्यात नव्हतं, ते २०२३ च्या यादीत आलं.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे फिलिंग नाही, पाण्यासारखं औषध आहे, ३८ टक्क्यांचं. किडलेल्या जागी ब्रशनं टेकवायचं, कीड थांबते आणि ती जागा काळीकुट्ट होते. लहान पोराच्या दुधाच्या दाढेला उत्तम, पण पुढच्या दाताला लावलं तर आई-बाप मला शोधत येतील, म्हणून आधी आरशात दाखवून, समजावून मगच.

लवंगाच्या वासाचं एक पांढरं फिलिंग असतं, झिंक ऑक्साइड युजेनॉल. ते ठणका शांत करायला, काही आठवड्यांपुरतं. आमचा पेशंट ठणका थांबला की गायब, आणि दिवाळीनंतर येतो तेव्हा ते फिलिंग निम्मं विरघळलेलं आणि दाढ निम्मी. तात्पुरतं म्हटलं की तात्पुरतंच हो, दुखत नसलं तरी.

"गॅरंटी किती वर्षांची?" हेही विचारतात. मशीनला देतात तशी गॅरंटी मी देत नाही, कारण कड मी जमवून दिली तरी तिच्यावर दिवसातून किती वेळा ॲसिड ओतायचं ते तुमच्या हातात आहे. रात्री झोपताना १००० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टनं घासायचं, थुंकायचं आणि खळखळून चुळा भरायच्या नाहीत, ते फ्लोराइड दातावर, कडेवर राहू द्यायचं. दाढांच्या मध्ये भरलेलं असेल तर फ्लॉस. फ्लॉस तिथं फाटायला लागला, अडकायला लागला, तर कड खडबडीत झालीय, दाखवायला या. आणि वर्ष-दोन वर्षांनी दाढांचा छोटा एक्सरे, कारण मधली कड मला पण डोळ्यांनी दिसत नाही.

राहिलं त्या सात वर्षांच्या नातवाचं. त्याला भरायचं काहीच नसतं बहुतेक वेळा, सीलंट लावायचा असतो. सहाव्या-सातव्या वर्षी सगळ्यात मागं, एकही दुधाचा दात न पडता, एक मोठी दाढ गुपचूप येते, ती कायमची. तिच्या वरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत जात नाही, पोरांच्या कायमच्या दातांतली पहिली कीड बहुधा तिथंच. त्या खाचांत पातळ रेझिन वाहवून लाईट मारायचा, ना सुई ना ड्रिल, दहा मिनिटांचं काम. दाढ अजून अर्धी हिरडीखाली आहे, ओल आवरत नाही, तर तिथंही सिमेंट बोटानं दाबून बसवायचं, ते वरून निघून गेल्यासारखं दिसलं तरी खाचेच्या तळाशी थोडं राहतं. पण आई-बाप "दुधाची आहे, पडेलच" म्हणून सोडून देतात आणि नवव्या वर्षी रूट कॅनलला घेऊन येतात. घरात सहा-सात वर्षांचं पोर असेल तर मोबाईलचा टॉर्च लावा, तोंड उघडायला सांगा, पुढच्या दोन दातांच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मोजत जा. सहावा दात मोजता आला तर ती कायमची दाढ आहे, तिच्या खाचा बघा आणि घेऊन या.